काबो दे गाता : मिठागराच्या काठाने

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, अल्मेरिया शहराच्या पूर्वेस, युरोप खंडाचे एक अत्यंत कोरडे टोक भूमध्य समुद्रात शिरलेले आहे. त्याचे नाव काबो दे गाता. 'काबो' म्हणजे भूशिर. 'गाता' हे 'आगाता' या शब्दावरून, म्हणजे खंभातच्या बाजारामुळे आपल्या व्यापारी घरांना परिचित असलेल्या अकीकावरून आले, असे सांगतात. येथील ज्वालामुखीच्या खडकांत अकीक सापडतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती मनाला पटते. पाऊस वर्षाकाठी अवघा 200 मिलिमीटरच्या आसपास. सांगोल्या-जतकडचा अवर्षणाला कंटाळलेला माणूसही येथे येऊन पाहील, तर आपल्याकडे बरा पडतो म्हणेल.

हा सारा टापू 1987 पासून संरक्षित निसर्गोद्यान आहे. जमीन सुमारे 38,000 हेक्टर आणि तिला लागून असलेला समुद्र सुमारे 12,000 हेक्टर, असे दोन्ही मिळून हे उद्यान होते. 1997 मध्ये युनेस्कोने त्यास जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. समुद्रात सरळ उतरणारे कडे, त्यांच्या पाठीशी दीड कोटी ते सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी धगधगलेल्या ज्वालामुखींचे डोंगर, आणि डोंगर संपताच पसरलेली मिठागराची उथळ पाणथळ, ही तिन्ही एका दिवसाच्या चालीत पाहता येतात, हे या स्थानाचे वैशिष्ट्य होय.

अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यवसायात असलेल्या पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता एप्रिलमध्ये चार दिवस येथे राहिलो. मुक्काम सान होसे या किनाऱ्यावरच्या लहानशा गावी. वाचकांस उपयोगी पडेल म्हणून जेवणाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. एप्रिलच्या मध्यात तेथे सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यास वेळ भरपूर मिळतो. अडचण अशी, की उपाहारगृहांच्या चुली रात्रीच्या जेवणासाठी पेटतात त्याच सुमारास! शिवाय 'तोर्तिया' म्हणजे अंडे आणि बटाटा, आणि 'गास्पाचो' हे थंड सार टोमॅटोचे असले तरी त्यात लसूण असतेच. सौभाग्यवतींनी सोलापूरहून बांधून आणलेल्या कडक भाकऱ्या, लसणाविना केलेली शेंगांची चटणी आणि खाकरे यांवर आमचे चारही दिवस सुखाने निभावले. पाणी रात्रीच उकळून, गाळून बाटल्यांत भरून ठेवावे लागे. वाटेत पाणी कोठेही मिळत नाही. माणशी दोन-अडीच लिटर न घेता निघू नये, आणि जून ते सप्टेंबर तर येथे चालण्याचा विचारही करू नये.

पहिल्या दिवशीची वाट सान होसेहून दीपगृहापर्यंत, अकरा-बारा किलोमीटरची. गाव सोडल्यावर तासाभरात हेनोवेसेसचा उपसागर येतो. अर्धचंद्राकार वाळू, मागे घायपाताची आणि निवडुंगाची माळरानावरची रांग, आणि एकही इमारत नाही. 1147 मध्ये अल्मेरिया जिंकण्यास निघालेले जेनोव्हाचे आरमार येथे थांबले होते म्हणून हे नाव. जेनोव्हा हे व्यापाऱ्यांचे नगरराज्य. त्या काळच्या व्यापाऱ्यांनी हा किनारा काबीज करण्यासाठी जहाजे आणली. पुढच्या काळातील व्यापारी हॉटेलांचे नकाशे घेऊन आले. भूमध्य समुद्राचा स्पॅनिश काठ पाहिलेल्यांस ठाऊक असेल, की मैलोन्मैल तेथे सिमेंटच्या भिंती उभ्या आहेत. मग हा एवढाच किनारा कसा सुटला?

याचे उत्तर बव्हंशी एका जमीनदारिणीच्या नकारात आहे. फ्रान्सिस्का दिआस तोर्रेस, लोक तिला 'दोन्या पाकीता' म्हणत. सान होसेच्या भोवतालची विस्तीर्ण जमीन, हेनोवेसेस आणि मोन्सुल या किनाऱ्यांसह, तिच्या आणि तिच्या पतीच्या मालकीची होती. पर्यटनाची लाट आली, मागणीदार दारी आले, आणि तिने विकण्यास नकार दिला. 2014 मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, ती वारली. ही हकीकत ऐकून पुतण्या वाळूतच थांबला आणि मनातल्या मनात हिशेब करू लागला. "काका, एवढी रक्कम पन्नास वर्षे अडकून पडली, असेच ना हे?" त्याच्या प्रश्नात उपहास नव्हता, भांडवल निजून राहता कामा नये, हेच आपण त्याला लहानपणापासून शिकवले. मी त्याला विचारले, "आणि ती विकली असती, तर आज तू विमानाचे तिकीट काढून येथे आला असतास का?" तो म्हणाला, "आलो असतो. हॉटेलात राहिलो असतो." यावर सौभाग्यवती हसल्या आणि आम्ही पुढे निघालो.

मोन्सुलच्या पुढे मोटारींची वाट बंद होते आणि खरी चाल सुरू होते. चढ लांब पण सोपा आहे. वर 'वेला ब्लांका', म्हणजे पांढरे शीड, या नावाचा कडा दोनशे मीटरहून अधिक उंचीवर उभा असून त्यावर जुना टेहळणी बुरूज आहे. डोंगराचा फिकट पांढरा खडक समुद्रावरून शिडासारखा दिसतो म्हणून ते नाव. वरून खाली पाहिले असता पाणी इतके निवळ, की तळाची गडद हिरवी कुरणे दिसतात. हे शेवाळ नव्हे. मुळे, पाने, फुले असलेली पोसिडोनिया नावाची खरी वनस्पती आहे. पायवाटेच्या दोहो अंगांस ताडाचा अगदी ठेंगणा भाऊ वाढतो, आणि सपाटीवर 'असुफाइफो' नावाची काटेरी झुडपे. ती आपल्या बोरीची सख्खी भावकी. फड्या निवडुंग मात्र जागोजागी सुकलेला दिसला. पांढऱ्या कापसासारखी कीड त्यावर बसलेली. बोटाने दाबली की लाल रंग फुटतो, असे पुतण्या म्हणाला आणि सौभाग्यवतींनी त्याचा हात वेळीच धरला. गोळ्या-सरबतांच्या वेष्टनावर ज्या 'ई 120' या खुणेवरून आपण वस्तू परत ठेवतो, तो रंग याच किड्याच्या एका चुलत जातीपासून काढतात.

कड्यावरून उतरल्यावर दीपगृह लागते. ते 1863 चे, एका पडक्या किल्ल्याच्या जागी बांधलेले. समोर समुद्रातून वर आलेले काळे सुळके म्हणजे ज्वालामुखीच्या नळ्यांत गोठलेला खडक होय. त्यांना 'जलपऱ्यांचा खडक' म्हणतात. पूर्वी येथे विसावणारे सील नावाचे सागरी प्राणी नावाड्यांना दुरून जलपऱ्या भासत. जवळच 'पुंता बाहा' येथे षट्कोनी खांबांचा कातळ आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस तो ओळखीचा वाटेल. येथे त्याचे तुकडे पाडून रस्त्यांच्या फरसबंदीसाठी नेले गेले.

येथून पुढे डोंगर एकाएकी संपतो आणि मिठागर सुरू होते. आमच्या घराण्यात दोन पिढ्या मिठाची ठोक पेढी होती. उरण-भाईंदरच्या मिठागरांतून वाघिणी येत, आणि मीठ हातावर घेऊन त्याचा दाणा व ओल पाहण्याची आजोबांची रीत मी लहानपणी पाहिलेली आहे. त्यामुळे सुमारे 300 हेक्टरांची ही पाणथळ पाहताना माझी पावले आपोआप मंदावली.

काम पद्धतशीर चालते. समुद्राचे पाणी कालव्याने आत घेतात. एका लिटरात साधारण 35 ग्रॅम क्षार असलेले ते पाणी एका उथळ कुंडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जाते. ऊन आणि वारा त्याला आटवतात. मूळच्या सुमारे एक-दशांश उरले, की शेवटच्या वाफ्यांत मीठ धरू लागते. उन्हाळा सरता सरता ते काढून शुभ्र टेकड्या रचतात. दरम्यानच्या कुंडांत, मासे जगू शकत नाहीत अशा खारटपणात, इवलेसे कोळंबीवर्गीय जीव वाढतात. त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे रोहित पक्ष्यांच्या पिसांवर गुलाबी छटा चढते. लाकडी आडोशाच्या फटीतून आम्ही शंभरेक रोहित पक्षी पाहिले. चोच उलटी करून, मान डोलवीत ते पाणी गाळत होते.

ही पाणथळ निसर्गाने आपोआप राखलेली नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. 1989 पासून ती रामसर यादीत आहे. तरीही कालवा नीट वाहतो तोवरच तिच्यात पाणी. 2020 नंतर समुद्रमुखाशी कालवा बुजला, दुरुस्ती लांबली, आणि काही काळ कुंडांचा तळ कोरडा पडून तडकला. पक्षी निघून गेले. जो कालवा मिठासाठी खणला, तोच बंद पडल्यावर पाखरांचे घर मोडले. आम्ही गेलो तेव्हा पाणी परतले होते.

तेथे उभा असताना मला ठाण्याची खाडी आठवली. तिला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण मुंबई परिसरातील मिठागरांच्या जमिनींकडे घरबांधणीची नजर अनेक वर्षे लागलेली आहे. मिठाचा धंदा तोट्याचा झाला की जमीन 'रिकामी' ठरते. आमच्याही पेढीचा दरवाजा त्याच कारणाने बंद झाला. तेव्हा मला या बाबतीत तटस्थ म्हणवून घेता येणार नाही.

दुसऱ्या दिवशीचे सान पेद्रो थोडक्यात सांगतो : लास नेग्रास गावाहून कड्याच्या कडेने तासा-सव्वातासाची वाट, मोटार जात नाही, आणि शेवटी पडक्या किल्ल्यापाशी गोड्या पाण्याचा झरा. या रखरखाटात तो झरा पाहून सौभाग्यवतींनी हात जोडले. रोदालकिलारची सोन्याची खाणही त्याच दिवशी पाहिली. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांसाठी अख्खे डोंगर दळले गेले. 1956 मध्ये मोठ्या थाटात उघडलेला कारखाना 1966 मध्ये बंद झाला. सोन्याच्या भावात मुरलेल्या माणसाने एकदा अवश्य पाहावा असा तो उतारावरचा सांगाडा आहे.

तिसऱ्या दिवशी उत्तरेस कार्बोनेरासच्या बाजूला गेलो. मेसा दे रोल्दान या दोनशे मीटरहून उंच कड्याच्या माथ्यावर, ज्वालामुखीच्या पाठीवर, प्राचीन प्रवाळांचे अवशेष आहेत. समुद्र एकेकाळी तेथवर होता. पुढे कार्बोनेरास ओलांडून अल्गारोबिकोच्या किनाऱ्यावर गेलो, तो डोंगराच्या पोटात पांढऱ्या पायऱ्यांसारखे वीसेक मजल्यांचे हॉटेल उभे. 411 खोल्या, आणि आजवर एकही पाहुणा उतरलेला नाही. उद्यानाच्या हद्दीत चाललेले हे बांधकाम जवळजवळ पुरे होत आले असताना 2006 मध्ये न्यायालयाने थांबविले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जागा बांधकामास अपात्र ठरविली. पाडावे कोणी आणि खर्च कोणी सोसावा, यावर वर्षानुवर्षे तंटा चालला.

पुतण्या बराच वेळ खिडक्या मोजत होता. मग कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "काका, याचे व्याज कोण भरत असेल हो?"