सांध्याची विद्या

संस्कृतांतील 'धातु' हा शब्द मोठा मौजेचा आहे. वैयाकरणाच्या हातीं तो क्रियापदाचें मूळ होतो, वैद्याच्या हातीं शरीरांतील रसरक्तादि होतो आणि लोहाराच्या हातीं लोखंड होतो. नोकरीचा सारा काळ आम्ही पहिल्या अर्थाचे धातु मुलांस चालवून दाखविले. सेवानिवृत्तीनंतर तिसऱ्या अर्थाकडे वळलों, याचें आमच्या स्नेहीमंडळींस फार नवल वाटतें. "गुरुजी, या वयांत हा लोहारी खटाटोप कशाला?" असें कोणी विचारतो, तेव्हां 'लोहारी' या शब्दाचा सूर आम्हांस रुचत नाहीं. हाताच्या कामास हलकें लेखण्याची आपल्या पांढरपेशा घरांतील संवय फार जुनी आहे, आणि तिनें आपलें नुकसानच केलें आहे. असो.

खटाटोपाचें कारण अगदीं घरगुती आहे. सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हां न्हाणीघरांत आधारासाठीं स्टीलचा कठडा बाजारांतून आणून बसविला. तिसऱ्या महिन्यांत तो सांध्याशीं निखळला. दाराची चौकट हाताशीं होती म्हणून त्या पडल्या नाहींत. तो तुकडा उजेडांत नेऊन पाहिला तों वरून सांधा आरशासारखा चकचकीत, पण पोटांत दोन्ही नळ्यांचे कांठ जसेच्या तसे कोरे! नुसता वरचा थर घासून चमकविलेला. असला दुसरा कठडा आणावयाचा नाहीं, स्वतः करावयाचा, असें त्याच दिवशीं ठरलें.

आमचा एक जुना विद्यार्थी भोसरीस फॅब्रिकेशनचें दुकान चालवितो. त्याच्याकडे आम्ही ही विद्या शिकलों. कारखान्यांत हिला कोणी 'टिग' म्हणतात, कोणी नुसतेंच 'आर्गॉन' म्हणतात. टंगस्टनच्या बारीक कांडीच्या टोकापासून कामापर्यंत विजेची ज्योत उडते आणि त्या ज्योतीनें धातु वितळतो. टंगस्टन वितळण्यास ३४२२ अंश सेल्सियस उष्णता लागते, म्हणून कांडी स्वतः बहुधा शाबूत राहते. भर घालावयाची ती दुसऱ्या हातांतील तारेनें. सभोंवार आर्गॉन वायूचें आवरण असतें, तें हवेंतील प्राणवायूस तप्त रसाजवळ फिरकूं देत नाहीं. हा वायु रॅले आणि रॅम्से या शास्त्रज्ञांनीं १८९४ सालीं शोधून काढला. तो कशाशींच संयोग पावेना म्हणून त्यास ग्रीक भाषेंतील 'आळशी' या अर्थाचें नांव मिळालें. आपण श्वासावाटे घेतों त्या हवेंत तो शेंकडा एकाच्या किंचित खालीं असतो. आळसाचा इतका सदुपयोग अन्यत्र आमच्या पाहण्यांत नाहीं. अमेरिकेंत नॉर्थ्रॉप विमान कारखान्यांतील रसेल मेरेडिथ यानें मॅग्नेशियमचे भाग सांधण्यासाठीं ही रीत सिद्ध केली, तेव्हां आर्गॉनच्या जागीं हेलियम वापरला होता. १९४२ सालीं त्यास तिचें पेटंट मिळालें.

डाख देणें आणि हें काम यांतील भेद व्याकरणाच्या भाषेंत चांगला समजतो. डाखेंत दोन धातु जवळ येतात, मध्यें तिसरा बसतो, पण दोघांचें रूप बदलत नाहीं. टिगमध्यें दोन्ही कांठ वितळून एक होतात. अ आणि इ यांच्या जागीं ए यावा तसें. आमच्या शिष्यास हा दृष्टान्त सांगितला, तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, तुम्ही संधि असा शिकवला असता तर मी पास झालों असतों." मग लगेच काम दाखवूं लागला.

त्याची पद्धत जुन्या पंतोजींची. "सर, पहिले कांहीं आठवडे तारेला हात लावायचा नाहीं. नुसता रस चालवायचा." तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर ज्योत धरावी, हरभऱ्याएवढा चकाकता रस उभा राहूं द्यावा आणि तो त्याच आकारानें सरळ रेषेंत पुढें न्यावा. हें ऐकावयास सोपें आहे. टोंक आणि पत्रा यांतील अंतर कांडीच्या जाडीइतकेंच, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर ठेवावयाचें असतें. तें वाढलें कीं रस पसरतो, आणि टोंक रसांत बुडालें तर पुन्हां घासून धार काढावी लागते. धारही कांडीच्या लांबीच्या दिशेनें काढावी. आडवे ओरखडे पडले कीं ज्योत भटकते.

वयोमानानें आमचा हात किंचित कांपतो. डॉक्टरांनीं त्यास औषध सुचविलें नाहीं. शिष्यानें मात्र सुचविलें. कोंपर टेबलावर टेकवावें, करंगळी पत्र्यावर सरकती ठेवावी आणि मनगट न हलवितां सारा हात ओढावा. फळ्यावर लांब ओळ सरळ लिहिणाऱ्यास ही हालचाल परकी नाहीं.

वायूविषयीं एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. जास्त वायु म्हणजे जास्त संरक्षण, असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत मिनिटास आठ लिटरांच्या आसपास प्रवाह पुरतो. तो फार वाढविला कीं त्यांत भोंवरे उठतात आणि तेच बाहेरची हवा आंत ओढतात. पंखाही बंद ठेवावा लागतो. भोसरीच्या एप्रिल महिन्यांत हें तपच होय. रेघ संपली तरी हात उचलूं नये, कारण ज्योत विझल्यावरही कांहीं क्षण वायु येत असतो, आणि त्याच्या छायेंत रस थिजूं द्यावा.

स्टीलच्या नळीचें दुखणें तिच्या पोटांत असतें. बाहेर आर्गॉन असला तरी आंतल्या बाजूस हवा लागते आणि तेथें काळी, दाणेदार, ठिसूळ साखर जमते. म्हणून नळीचीं तोंडें बुजवून, मागें बारीक वाट ठेवून, आंतही आर्गॉन भरावा लागतो. बाहेरचा रंग सोनेरी आला तर काम चांगलें. करडा आला तर उष्णता फार झाली.

ज्यांस ही हौस उपजेल त्यांस दोन सूचना. दहा नंबरच्या कांचेशिवाय ज्योतीकडे पाहूं नये. आणि पत्रा पुसण्यास क्लोरिनयुक्त द्रव वापरूं नये. ज्योतीच्या प्रकाशानें त्याच्या वाफेपासून फॉस्जीन, म्हणजे पहिल्या महायुद्धांतला विषारी वायु, होतो. ॲसिटोननें पुसून पूर्ण वाळूं द्यावें.

कठड्यापूर्वीं त्याच नळीचे अकरा नमुने केले. प्रत्येक उभा कापून, शेगड्यांत आवळून, हातोड्यानें वांकविला. शेवटचे चार सांध्याशीं उघडले नाहींत, तेव्हां शिष्यानें होकार दिला. कठडा भिंतींत बसल्यावर त्यास सिमेंटचीं दोन पोतीं, म्हणजे शंभर किलो वजन, रात्रभर टांगून ठेवलें. सौभाग्यवतींनीं पोतीं पाहिलीं, कठडा पाहिला, कांहीं बोलल्या नाहींत. पहिले चार दिवस त्या एक हात कठड्यावर आणि दुसरा भिंतीवर ठेवून चालत. पांचव्या दिवशीं भिंतीवरचा हात निघाला.

सध्यां आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांशीं झुंजत आहों. हा धातु ६६० अंशांस वितळतो, पण त्यावरील भस्माचा पापुद्रा दोन हजारांच्या वर. म्हणून येथें उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह लागतो; एका फेऱ्यांत पापुद्रा फुटतो, दुसऱ्यांत रस होतो. लोखंड लाल होऊन आधीं सूचना देतें. हा गृहस्थ रंग न बदलतां एकाएकीं पायांखालून निसटतो. शिष्य म्हणतो, सहा महिने लागतील.