भाटघर भरलं, पुढे काय?

भाटघर शंभर टक्के भरलं की तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फोटो फिरतात. मीही बातमी करतो : साडेतेवीस टीएमसी साठा, विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या बातमीत कधीच नसतं.

येळवंडी नदीवरचं हे इंग्रजांच्या काळातलं धरण आता शंभरीला टेकलंय. जमीन भोरची गेली, पाणी वीरमार्गे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जातं. (हे दुखणं जुनंच, आज तो विषय नाही.) पायथ्याला १६ मेगावॅटचं वीजघर आहे, तेही कालव्यांच्या आवर्तनाच्या तालावर चालतं.

भाटघरचे ४५ दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात, कुणाला बटण दाबावं लागत नाही. त्या काळच्या इंजिनियर लोकांना मानलंच पाहिजे. पण मग नदीतली मोटार काढायला, जनावरं सोडायला खालच्या माणसाला वेळ मिळायचा तो दरवाजे उघडायच्या आधीच मिळाला पाहिजे ना!

धरण म्हातारं झालं म्हणून धोका, असं मी म्हणत नाही. १२ जुलै १९६१ ला फुटलं ते पानशेत तर नवंकोरं होतं. २०१९ ला चिपळूणजवळचं तिवरे फुटलं, तेही काही इंग्रजांच्या काळातलं नव्हतं. तिथल्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे जास्त महत्त्वाचं.

त्यानंतर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक झाली. जुन्या धरणांची स्वतंत्र तज्ज्ञांकडून सखोल तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा, या दोन्हींना पाच वर्षांची मुदत, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेर. पाणी कुठवर येईल, लोकांना कळवायचं कसं, हे त्या आराखड्यात असायला हवं.

म्हणून उत्रोलीसह भोर तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांना आणि सदस्यांना विनंती. पुढच्या ग्रामसभेत जलसंपदा खात्याला पत्र द्यायचा ठराव घ्या. दोनच गोष्टी मागा : शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि आराखड्याची मराठी प्रत. नदीकाठच्या गावांनी तिसरीही मागावी : रात्री दोन वाजता पाणी सोडलं तर आमच्या गावात फोन कुणाला येणार, त्याचं नाव. उत्तर आलं की मला पाठवा, जसंच्या तसं इथे टाकतो. महिन्याभरात नाही आलं, तर तेही टाकतो.