पाना, पाईप आणि चाकाचा नट

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून कंटेनरचे ट्रेलर नवी मुंबईच्या रस्त्यांना नवे राहिलेले नाहीत, आणि कळंबोलीच्या परिसरात त्यांची चाके खोलणाऱ्या-बसवणाऱ्या कारागिराला टॉर्कचे, म्हणजे वस्तूला अक्षाभोवती फिरवू पाहणाऱ्या बलपरिणामाचे, गणित कागदावर न मांडताही अवगत असते. बलाला अक्षापासून बलरेषेपर्यंतच्या लंब अंतराने गुणले की टॉर्क मिळतो. त्यामुळे एखादा नट आवळायला ६०० न्यूटन-मीटर टॉर्क लागत असेल, तर ६० सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाशी सुमारे १०० किलो वजनाइतका जोर द्यावा लागतो, आणि दांडीवर पाईप चढवून लांबी दुप्पट केली की निम्म्यात भागते. लंब अंतराची अट विद्यार्थी सहज ओलांडून जातात. कारागीर मात्र नट सोडवताना पाना अशा बेताने अडकवतो की दांडी डावीकडे आडवी राहावी, आणि मगच तिच्या टोकावर पाय देतो, कारण दांडी तिरकी झाली की देहाचे वजन तेवढेच राहूनही टॉर्क घटतो.

खाडीच्या खाऱ्या हवेत गंजलेला नट सोडवण्यापुरता पाईप क्षम्य. आवळताना तो घातक. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक हबला घट्ट धरून राहते. परंतु लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहावा हिस्साच या ताणाच्या कामी येतो, बाकीचा आट्यांमधील आणि नटाच्या बैठकीखालील घर्षणात खर्ची पडतो. म्हणून आट्यांना तेल लागलेले असले तर तेवढ्याच टॉर्कने बोल्ट अधिक ताणला जातो, त्यात पाईपची भर पडली तर कायमचा लांबतो, आणि गंज असला तर नट कडक लागूनही पकड अपुरी राहते.

हवेवर चालणाऱ्या गनने कष्ट वाचवले, अंदाज मात्र अवघड केला. तिच्यातील मोटर आधी हातोड्याला मोकळे फिरवते. तो नट फिरवणाऱ्या ऐरणीवर आदळताना आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्यात साठवलेली गती, नटाकडे सोपवतो, आणि आघाताचा काळ अत्यल्प असल्याने टॉर्क प्रचंड निघूनही धरणाऱ्याच्या मनगटाला फारसा पीळ बसत नाही. सोय खरी, पण मनगटाला काही कळेनासे होते. जाणता कारागीर गनने नट फक्त टेकवतो, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत अखेरचा जोर टॉर्क रेंचने देतो, आणि ट्रेलर थोडे अंतर धावल्यावर नट पुन्हा तपासून घ्यायला सांगतो, कारण बैठकीवरचे रंगाचे व गंजाचे थर दबले की बोल्टचा ताण उतरतो.