बिबे

वार्षिक परीक्षा संपली की आम्ही आजोळी हरमलला जात असू. डोंगरावर बोंडू पिकू लागलेले असत. काजूच्या कोवळ्या बियांना आमच्याकडे ‘बिबे’ म्हणतात. बोटांना खोबरेल चोळून आजी ते सोलायला बसे. एकदा तिला बाजाराला उशीर होत होता, म्हणून मीही बसलो. तेल लावायचा मात्र कंटाळा केला.

तासाभराचे ते काम! दुसऱ्या दिवशी बोटांवर टरारून फोड आले. त्याच हाताने डोळा चोळलेला. पापणी सुजून डोळा मिटला. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली. कॉलेजात आल्यावर कळले, काजूच्या टरफलातल्या तेलात अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते; कातडी जाळणारे. अंगावर उततो तो बिब्बाही याच कुळातला. पोर्तुगीजांनी हे झाड ब्राझीलहून आणले, पण नावाने आपल्या लोकांनी नाते बरोबर ओळखले म्हणायचे!

रात्री आजी माझ्या फोडांना खोबरेल लावीत होती. “मीच सांगायला हवं होतं रे,” असे पुनःपुन्हा म्हणत होती. दिव्याच्या उजेडात तिची बोटे मी प्रथमच नीट पाहिली. टोके काळी पडलेली, कातडी सोलवटलेली. आणि ती तर रोज तेल लावून बसत असे.