हिरांच्या जुड्या आणि दोन अंकी संख्या

समावेशित शिक्षणात गणिताची पहिली खरी अडचण दुसरीत, दोन अंकी संख्यांपाशी येते. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना पाच. ‘पस्तीस’ ऐकून 53 लिहिणारी मुले म्हणूनच दरवर्षी असतात. एकोणतीस त्याहून अवघड: ऐकू येतात तीस, लिहायचे 29. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू ठामपणे मांडली. रोज वर्गावर उभे राहणाऱ्याला ती पटते.

मालगुंडला माझ्या वर्गात मच्छीमारांची, बागायतदारांची, आंब्याच्या राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची आणि बांधकामावरच्या कानडी मजुरांची मुले एकत्र बसत. त्या सर्वांना पुरेल असे साधन गावातच होते: नारळाच्या झावळीचे हीर. दहा हीर सुंभाने बांधले की एक जुडी, म्हणजे एक दशक. कमी दिसणाऱ्या मुलाला तक्त्यावरचे ठिपके निरुपयोगी होते. जुडी आणि सुटा हीर यांतला फरक मात्र तो बोटांनी ओळखी आणि 34 मांडून दाखवी. कानडी मुलीला ‘वीस एक’ लगेच कळले, कारण तिच्या भाषेतल्या ‘इप्पत्तोंदु’ची घडण तशीच आहे. मग जुड्यांवर बोट ठेवत ती ‘एकवीस’ही शिकली. 42 मधून 17 काढताना सुंभ सोडावाच लागतो, त्यामुळे दशक सुटा करणे म्हणजे काय, हे हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांनाही तेव्हाच नीट उमगले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 ने मान्य केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिच्यात गणिताशी निगडित डिस्कॅल्क्युलियाही येतो. त्याचे निदान साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास होते. दुसरीतले मूल सात वर्षांचे असते. म्हणजे प्रमाणपत्राआधीचा सारा काळ वर्गशिक्षकाच्याच हाती असतो. त्या काळात ‘याला गणित येत नाही’ असा शेरा देणे अन्यायाचे आहे. अंकांची उलटापालट करणाऱ्या बहुतेक मुलांची चूक जुड्यांच्या सरावाने कमी होते. ज्यांची होत नाही, त्यांची नोंद विशेष शिक्षकांकडे वेळेवर पोहोचवता येते.

दुसरीला शिकवणाऱ्यांनी पाढ्यांची घाई करू नये. जुड्या बांधण्या-सोडण्याला निदान एक महिना द्यावा.