जिवाणूंची रात्रपाळी

पोस्ट थोडी मोठी आहे, पण पवनेकाठी राहणाऱ्यांनी वाचाच.

थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावरच्या मेलेल्या माशांची, पांढऱ्या फेसाची बातमी मी किती वेळा दिली, मोजलेलं नाही. दर वेळी खुलासा ठरलेला: "सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू आहे." मीही तो तसाच छापायचो.

मध्यंतरी एका केंद्रात गेलो होतो. कुठलं, ते राहू द्या. मोटारी चालू, टाकीत हवेचे बुडबुडे चालू. ऑपरेटरने एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी भरलं. म्हणाला, "साहेब, अर्धा तास थांबा." तब्येत चांगली असेल तर गाळ खाली बसतो, वर निवळ पाणी येतं. इथे गाळ बसायलाच तयार नाही! "दोऱ्यासारखे जिवाणू माजलेत," तो म्हणाला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मैला खातात ते जिवाणू. मोटारी फक्त त्यांना हवा पुरवतात. जिवाणूंच्या घट्ट गुठळ्या झाल्या तरच गाळ बसतो. ऑक्सिजन कमी पडला की लांब दोरे वाढतात, गाळ तरंगतो आणि पाण्याबरोबर नदीत जातो.

हा सगळा संसार कॉम्प्युटरवर मांडता येतो. १९८७ साली आलेल्या पहिल्या 'ॲक्टिव्हेटेड स्लज मॉडेल'मध्ये १३ घटक आणि ८ प्रक्रिया आहेत: कोण काय खातं, किती ऑक्सिजन घेतं, किती वाढतं, किती मरतं. नंतरच्या काही मॉडेलांत तर एकेक जिवाणू वेगळा धरून गुठळी कशी बनते तेही पाहतात. हवा किती सोडायची, गाळ किती दिवस ठेवायचा, हे आधीच ताडून बघता येतं.

पण मॉडेलला खरे आकडे लागतात. रात्री कुणी प्लेटिंगचं पाणी गुपचूप नाल्यात सोडलं, तर ते त्याला कोण सांगणार? अमोनिया संपवणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. एका रात्रीत मेले, तर पुन्हा भरून यायला आठवडे लागू शकतात. आणि अमोनिया माशांना विषच.

म्हणून मी माझा प्रश्न बदललाय. "केंद्र सुरू आहे का?" हे आता विचारत नाही. अर्ध्या तासात गाळ किती बसला? टाकीत ऑक्सिजन किती? अमोनिया आत किती आला, बाहेर किती गेला? हे आकडे रोज केंद्राच्या गेटवर फळ्यावर लिहा, एवढीच मागणी आहे.

तुमच्या नगरसेवकांनाही हेच विचारा. आणि रात्री नाल्याला रंग किंवा उग्र वास आला तर वेळ टिपून, फोटो काढून मला पाठवा. नाव छापणार नाही.