बारा फाशांची जाळी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कायम एक जाळी असते. पांढऱ्या सुती दोऱ्याची, बास्केटबॉलच्या रिंगला लावायची. नियमाप्रमाणे तिला बारा फासे असतात आणि लांबी ४० ते ४५ सेंटिमीटर. सकाळी पहिल्या तासाआधी शाळेचे शिपाईमामा आणि मी शिडी लावून ती चढवतो, संध्याकाळी उतरवतो. मैदानाला कुंपण नाही, रात्री तशीच राहिली तर सकाळी सापडत नाही. तीस वर्षं होऊन गेली, हा क्रम चुकलेला नाही. नवीन आलेले शिक्षक विचारतात, बाई, एवढा खटाटोप कशासाठी? चेंडू जाळीशिवायही रिंगमधून जातोच ना?

जातो. पण गेलेला कळत नाही.

मी रत्नागिरीची. आमच्या शाळेमागच्या मैदानावर बास्केटबॉलचा एकच खांब होता. रिंग लोहाराने सळई वाकवून केलेली, बोर्ड आंब्याच्या फळ्यांचा, पावसाळ्यात फुगणारा. खाली तांबडी माती चोपून केलेली जमीन आणि तिच्यावर फक्कीच्या रेघा. त्या रिंगला जाळी नव्हती. जाळी असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी जाळी नसलेल्या रिंगवर कधी खेळून पाहिलेलं नाही त्यांना सांगते, रिंगला न शिवता मधून गेलेला चेंडू आणि रिंगच्या अगदी पुढून खाली पडलेला चेंडू, दोन्ही लांबून सारखेच दिसतात. त्यामुळे दर दुसऱ्या चेंडूला भांडण. "गेला!" "कुठे गेला? पुढनं पडला." सर डोळ्यांवर आडवा हात धरून उन्हात उभे असत, पण त्यांनाही खात्रीने सांगता येत नसे. शेवटी जिचा आवाज मोठा तिला गुण मिळायचा. मी हळू बोलणारी मुलगी होते. तेरा वर्षांची होईपर्यंत माझे कितीतरी चेंडू त्या रिंगमधून गेले आणि कुणाच्या हिशेबात आले नाहीत.

१९८१ च्या मे महिन्यात सरांनी सुट्टीतलं शिबिर घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी भारताचा पुरुषांचा संघ मॉस्को ऑलिंपिकला जाऊन आला होता. बारा संघांत बारावा आला. सर मात्र ती गोष्ट अशा अभिमानाने सांगत की आम्हाला तो बारावा नंबर फार मोठा वाटायचा. आज वाटतं, सरांचंच बरोबर होतं. त्यानंतर आपला बास्केटबॉलचा संघ पुन्हा त्या स्पर्धेपर्यंत पोचलेला नाही. तर सरांची मुंबईत ओळख होती आणि त्या ओळखीवर रेल्वेच्या संघातल्या दोन खेळाडू दोन दिवसांसाठी आमच्या शिबिराला येणार होत्या. आमच्यातल्या कुणी रेल्वेच पाहिलेली नव्हती. कोकण रेल्वे यायला अजून सतरा वर्षं होती. रेल्वेच्या त्या दोघी रात्रभर एसटीत बसून आल्या, सरांच्या घरी आंघोळ करून, घावणे खाऊन आठ वाजता मैदानावर हजर.

खेळाडू म्हणून जगणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते. निळा ट्रॅकसूट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि उंची अशी की आमच्या हेडबाईंशी बोलताना त्यांना मान खाली करावी लागत होती. आम्हाला वाटलं, आता या काहीतरी करून दाखवतील. त्यांनी काहीच केलं नाही. सकाळभर खांबाच्या सावलीत बसून आमचा खेळ पाहिला आणि आमची भांडणंही पाहिली. मग त्यातल्या थोरल्या ताईंनी सरांना विचारलं, "सर, जाळी कुठे आहे?"

सर ओशाळले. म्हणाले, मुंबईहून मागवावी लागेल, पुढच्या वर्षी बघू.

"जाळी मुंबईहून?" ताई म्हणाल्या, "रत्नागिरीत?"

तिसऱ्या प्रहरी त्यांनी मला शिडीवर चढवलं आणि रिंगभोवती सुतळी धरायला लावली. ती तोडून घेतली, दोनदा दुमडली, मग तिची तीन घड्यांत वाटणी केली. झाले बारा सारखे भाग. प्रत्येक घडीवर गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बारा गाठींची सुतळी घेऊन आम्ही सोळा मुली आणि त्या दोघी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. हंगाम सरत आला होता. ओढलेल्या होड्यांच्या सावलीत म्हातारी माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. एक चाचा होते, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, हातात लाकडी सुई. ताई त्यांच्यासमोर वाळूत मांडी घालून बसल्या आणि काय हवंय ते सांगू लागल्या. चाचांनी आधी विचारलं, मासा कोणता धरायचा आहे? जाळं विणणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असणार, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती मोठा ठेवायचा ते माशावर ठरतं. ताईंनी माझ्या हातातला चेंडू घेऊन त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हा. पण धरून ठेवायचा नाही. जरासा अडवायचा आणि सोडून द्यायचा."

चाचांनी चेंडू हातात घेऊन फिरवून पाहिला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की आजवर जे विणलं ते निसटू नये म्हणून विणलं.

हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने ते विणायला बसले. वरच्या ओळीला मोठे आस, खाली येताना लहान, म्हणजे जाळी निमुळती होत जाते. माप सारखं राहावं म्हणून त्यांच्याकडे बांबूच्या पट्ट्या होत्या, दर दोन ओळींनी ते पट्टी बदलत. आम्ही भोवती उकिडव्या बसलेल्या, माशांचा वास, ऊन चढत चाललेलं, आणि ती भारताच्या मैदानांवर खेळलेली बाई त्या सुईकडे इतक्या एकाग्रतेने पाहत होती की आम्हीही गप्प होऊन पाहू लागलो. दोन तासांत जाळी झाली. चाचांनी पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी बघायला येतो, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मैदानावर गर्दी. ताईंनी फ्री थ्रोच्या रेघेवरून चेंडू टाकला. सरळ रिंगमध्ये गेला आणि तिथेच राहिला. खालचे आस फारच बारीक झाले होते, हिरव्या जाळीत आमचा तांबडा चेंडू फणसासारखा लोंबत होता. दहावीतल्या एका मुलाने शिडीवर चढून तो खालून ढकलून काढला. पुन्हा टाकला, पुन्हा अडकला. मग चाचा स्वतः शिडी चढले. कमरेची सुरी काढून शेवटची ओळ कापली, तिथल्या तिथे रुंद गाठी मारल्या आणि उतरले. तिसरा चेंडू जाळीत शिरला, निमिषभर थबकला आणि ओला पंचा झटकल्यासारखा आवाज करून खाली आला.

पुढे बी.पी.एड.ला खेळांचा इतिहास शिकताना ती संध्याकाळ मला लख्ख आठवली. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अठरा विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचला, तेव्हा त्याने व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या होत्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवर असते. आणि त्या टोपल्यांना बूड होतं. चेंडू पडला की कुणीतरी शिडी लावून काढायचा. तळ उघडी जाळी नंतरची. खेळाच्या पहिल्या दिवसांत जे घडलं तेच नव्वद वर्षांनी रत्नागिरीत आमच्यासमोर घडलं होतं. नियमपुस्तकात जाळीचं काम लिहिलेलं आहे: चेंडू रिंगमधून जाताना क्षणभर अडवणं. ताईंनी चाचांना बंदरावर तेच सांगितलं होतं.

त्या दोघींनी आम्हाला मनगट कसं मोडायचं, ले-अपला कोणता पाय आधी टाकायचा, हेही शिकवलं असणार. त्यातलं थोडंच लक्षात राहिलं. पण त्या संध्याकाळपासून गुण आवाजावर ठरेनासा झाला. मी टाकलेला चेंडू गेला की जाळी हलायची आणि सगळ्यांना दिसायचं. मला ओरडावं लागत नव्हतं. ती हिरवी जाळी मातीने तांबडी झाली आणि तीन पावसाळे टिकली. शेवटी सळईच्या गंजाने एकेक फासा कापत गेला.

बी.पी.एड. होऊन मुंबईत शाळेत लागले. पहिल्या पगारातून धोबी तलावाच्या दुकानातून जाळी आणली. मग कळलं की सुती जाळी एका पावसात कुजते आणि कोरडी असली तर कुणीतरी काढून नेतं. साखळीची जाळी लावणाऱ्या शाळाही पाहिल्या. ती टिकते, पण मुलांची बोटं सोलवटतात. तेव्हापासून हा खण आणि ही शिडी. मुलांना घेऊन मी नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर जाऊ लागले. अब्बास मुंतसिर तिथले. भारताचे कप्तान, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. नागपाड्यातल्या मुलांना मोठा खेळाडू पाहायला शिबिराची वाट पाहावी लागत नाही, तो शेजारच्या गल्लीत राहतो. माझ्या मुलांना ते नशीब नव्हतं.

१९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. मे महिन्यात घरी जायचं तिकीट काढायला मी सीएसटीच्या आरक्षण खिडकीवर उभी होते आणि काचेपलीकडे ताई बसलेल्या होत्या. खुर्चीत बसूनही त्यांची उंची लपत नव्हती. आपल्याकडे खेळावर पोट भरणं म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत हेच होतं: खेळासाठी मिळालेली नोकरी, आणि गुडघे थकल्यावर खिडकी. त्यात कमीपणा नाही. ज्या नोकरीने एका मुलीला दहा-बारा वर्षं खेळू दिलं तिचे आभारच मानले पाहिजेत. मी ओळख दिली. त्यांना मी आठवत नव्हते, शाळाही नीट आठवत नव्हती. मी जाळीचं म्हटल्यावर मात्र त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मासा कोणता, असं विचारलं होतं त्यांनी." मागे रांग होती. त्यांनी रत्नागिरीचं तिकीट माझ्या हातात दिलं.

२००१ च्या जुलैत इटलीतल्या त्रेव्हिझो गावी झालेल्या शिबिराबद्दल वाचलं तेव्हाही मला ताईच आठवल्या. ते घेणाऱ्यांत दोन खेळाडू होते, व्लादे दिवाच सर्बियाचा, टोनी कुकोच क्रोएशियाचा. १९९० मध्ये दोघांनी युगोस्लाव्हियाच्या एकाच संघातून विश्वविजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी त्या देशात युद्ध पेटलं, देशाचे तुकडे झाले आणि संघाचेही. त्याच संघातला द्राझेन पेत्रोविच दिवाचचा जिवलग मित्र. दोघांचा अबोला झाला, आणि तो मिटण्याआधीच १९९३ मध्ये पेत्रोविच मोटार अपघातात गेला. हे ओझं घेऊन, युद्धाला दहा वर्षं झाल्यावर, दिवाच आणि कुकोच अमेरिकेतल्या लाखमोलाच्या करारांतून वेळ काढून त्रेव्हिझोला आले आणि फुटलेल्या देशाच्या पाच तुकड्यांतून आलेल्या पन्नास मुलांना एका कोर्टावर उभं केलं. ज्या मुलांच्या आईबापांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या असतील, ती मुलं एकमेकांना पास देत होती. जगभर आज खेळाडू घेत असलेल्या 'बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स' शिबिरांची ती सुरुवात. त्या दोघांना तिथे कुणाला उडी मारायला शिकवायची नव्हती. आपण दोघं एका कोर्टावर उभे आहोत, एवढं मुलांना दिसू द्यायचं होतं.

दिवाच त्या वेळी सॅक्रामेंटो किंग्ज संघात खेळत होता. २०१९ च्या ऑक्टोबरात तोच संघ मुंबईत वरळीला खेळायला आला, तेव्हा दिवाच त्याचा जनरल मॅनेजर होता आणि मालक होते मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे. एनबीएचा भारतातला तो पहिला सामना. ४ तारखेला सत्तरहून अधिक शाळांतली तीन हजारांवर मुलं तिथे होती, आमच्या शाळेचीही चौदा होती. इंडियाना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा सामना जिंकला, एका गुणाने. सामन्याआधी सराव चालू असताना माझ्या शेजारी बसलेली सातवीतली मुलगी खेळाडूंकडे पाहतच नव्हती. म्हणाली, "बाई, यांची जाळी किती पांढरी आहे." ही मुलगी हळू बोलते. मी तिला ओळखते.

त्यानंतर एका उपनगरातल्या उन्हाळी शिबिराला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. एक नावाजलेला खेळाडू येणार होता. तो आला, चाळीस मिनिटं थांबला. चेंडूंवर सह्या झाल्या आणि सही असलेले चेंडू पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गेले. फोटो निघाले, टी-शर्ट वाटले गेले. मागच्या फलकावर रंगवलेल्या रिंगला सुंदर जाळी होती, मैदानावरच्या दोन्ही रिंगा उघड्या. मुलांनी त्या दिवशी एकही चेंडू टाकला नाही. याला मी भेट मानत नाही. त्या मुलांचा एक अख्खा दिवस यात फुकट गेला, आणि मे महिन्याच्या सुट्टीत असे दिवस फार नसतात.

म्हणून जे खेळतात, खेळून नाव मिळवलंय, आणि ज्यांना यंदा मे महिन्यात कुठल्याशा गावातल्या शिबिराचं बोलावणं येईल, त्यांना माझी विनंती आहे. अर्धा दिवस नको, दोन दिवस काढून जा. पहिल्या दिवशी नुसते बसा आणि मुलं कशावरून भांडतात ते पाहा. आणि निघताना बॅगेत एक जाळी टाका, बारा फाशांची. शिडी शाळेत मिळेल.